विद्यार्थ्याचें बिऱ्हाड : गिरगांवापासून देवनारपर्यंत

शिष्याला संस्कृतांत ‘अंतेवासी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जवळ राहणारा. पाठ घेणें, परीक्षा देणें यांपैकीं कांहींच त्या शब्दांत नाहीं. गुरूच्या सन्निध जो राहतो तो शिष्य, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. गुरुगृहीं लाकडें फोडणाऱ्या व गाई राखणाऱ्या बटूला कोठें राहावें ही विवंचना नसे, कारण त्याची शाळा आणि त्याचें घर हीं एकच होतीं. अर्थात् त्या घराचा दरवाजा सर्वांना मोकळा नव्हता, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढें शाळा व घर यांची फारकत झाली, आणि परगांवाहून शहरांत शिकावयास आलेल्या मुलानें राहावें कोठें, हा प्रश्न उत्पन्न झाला. वरवर पाहतां हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु महाराष्ट्राचा गेल्या दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येतें कीं, शिकणार कोण आणि तो शिकणार काय, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशीं या प्रश्नाच्या उत्तरानेंच ठरत आल्या आहेत. मुंबईच्या उपनगरांतील देवनार येथें हा इतिहास डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. मात्र तेथें पोहोंचण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागतें.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. त्याच्यापुढें कित्ता होता तो लंडन विद्यापीठाचा. कॉलेजें संलग्न करून घ्यावीं, परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या, एवढेंच त्याचें काम. शिकविणें कॉलेजांकडे, राहण्याचें ज्याचें त्यानें पाहावें. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थी कॉलेजांतच राहत व एका पंक्तीस जेवत. ती रीत विद्यापीठाबरोबर मुंबईस आली नाहीं. पुढें कांहीं कॉलेजांनीं वसतिगृहें बांधलीं, परंतु तेथील जागा थोड्या आणि खर्च पुष्कळांच्या आवांक्याबाहेरचा. कोंकणांतून बोटीनें किंवा देशावरून आगगाडीनें आलेला मुलगा बहुधा गिरगांवांतील एखाद्या चाळींत, काकाच्या नाहीं तर गांवच्या माणसाच्या बिऱ्हाडीं उतरे. आंत त्यांचा संसार आणि बाहेर गॅलरींत याची वळकटी व पेटी. जेवण घरीं नाहीं तर खाणावळींत. अभ्यास चाळ निजल्यावर. पुण्यास वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते. मुरुडचे धोंडो केशव कर्वे मुंबईस शिकवण्या करून शिकले आणि १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले.

या हकीकतींत कष्ट पुष्कळ आहेत, आणि त्या कष्टांचें कौतुकहि पुष्कळ झालें आहे. पण कौतुकाच्या भरांत एक गोष्ट नजरेआड होते. वार लावून जेवावयाचें तर सात घरें लागतात, आणि त्या सातहि घरांनीं मुलाला ओसरीवर घेतलें पाहिजे. गांवच्या माणसाच्या बिऱ्हाडीं उतरावयाचें तर आपल्या माणसांपैकीं कोणीतरी आधीं शहरांत बिऱ्हाड केलेलें असलें पाहिजे, आणि त्या बिऱ्हाडांत पुस्तकाची किंमत माहीत असली पाहिजे. ज्याला हीं सात घरें नव्हतीं आणि हें एक बिऱ्हाडहि नव्हतें, त्याला कॉलेजचा दरवाजा उघडा असूनहि शहराचा दरवाजा बंदच होता.

या गोष्टीची साक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेंत मिळते. सुभेदार रामजी सकपाळ यांचें कुटुंब परळच्या डबक चाळींत एका खोलींत राहत असे. त्याच खोलींत स्वयंपाक, तेथेंच निजणें, तेथेंच अभ्यास. मुलानें रात्रीं लवकर निजावें आणि दोन वाजतां वडिलांनीं त्याला अभ्यासास उठवावें, असा क्रम त्यांनीं ठेविला होता. १९०७ सालीं मुलगा मॅट्रिक झाला. सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली आणि कॉलेजचें शिक्षण पुढें चाललें. प्लेगच्या सांथीनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें परळला चाळी बांधल्या होत्या. त्यांतील दोन खोल्या या कुटुंबानें घेतल्या, आणि त्यांपैकीं एक अभ्यासासाठीं ठेविली. बी. ए. च्या पदवीमागें २५ रुपये होते, तशी ही एक खोलीहि होती.

१९१३ सालीं आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहांत आणि पुढें लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें त्यांना जागा मिळाली. परक्या देशांत खोली मिळण्यास त्यांची जात आड आली नाहीं. तेच आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरांत बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठीं आले, तेव्हां त्यांना शहरांत कोठेंहि जागा मिळेना. अखेर पारशी नांव सांगून ते पारशांच्या एका उतारशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले व त्यांना सामानासह बाहेर पडावें लागलें. विद्येची कमतरता नव्हती, पदरीं पैसा होता, दरबारची नोकरी होती; नव्हतें तें बिऱ्हाड. बिऱ्हाड निवडणें हा शब्दप्रयोग आपण सहज करितों, पण ज्याला निवडावयास कांहीं असतें त्याच्याच बाबतींत तो खरा ठरतो.

हें वर्म ज्यांना फार लवकर उमगलें त्यांत राजर्षि शाहू महाराज अग्रगण्य होत. खेड्यांतला मुलगा कोल्हापुरास आला तर त्याला राहावयास जागा नाहीं आणि जेवावयास ताट नाहीं, मग शाळा कितीहि चांगली असली तरी तिचा उपयोग काय? म्हणून त्यांनीं शाळेच्या जोडीला वसतिगृहांस हात घातला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें झालीं आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह उभें राहिलें. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात तें यामुळेंच.

त्या वेळीं प्रत्येक समाजाचें छप्पर निराळें होतें. तें एक करण्याचें काम कोल्हापुरांतीलच एका विद्यार्थ्यानें पुढें केलें. भाऊराव पाटील हे तेथील जैन वसतिगृहांत राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, आणि त्यांना वसतिगृह सोडावें लागलें. याच भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र रांधीत व एका पंक्तीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

स्त्रियांच्या बाबतींत तर आधीं छप्पर आणि मग शाळा, असाच क्रम ठेवावा लागला. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन आणि कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास सुरू केलेला आश्रम हीं दोन्ही आधीं घरें होतीं. विधवेला सासरीं राहून शिकतां येत नसे. म्हणून तिच्यासाठीं प्रथम दुसरें घर उभारावें लागलें.

आतांपर्यंतची कथा गरजू विद्यार्थ्याला छप्पर मिळवून देण्याची झाली. याच सुमारास इंग्लंडांत प्रश्नाची दुसरी बाजू पुढें आली होती. लंडनच्या व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तींतील पाद्री सॅम्युअल बार्नेट यांनीं १८८४ सालीं टॉयन्बी हॉल नांवाचें घर उघडलें. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सुखवस्तु तरुणांनीं तेथें येऊन राहावें, शेजाऱ्यांना शिकवावें आणि शेजाऱ्यांपासून शिकावें, हा त्यामागील हेतु. गरिबांना विद्या हवी ही गोष्ट जुनी होती. विद्वानांना गरिबांचा शेजार हवा, हें त्यांत नवें होतें. १८८९ सालीं शिकागो येथें जेन ॲडम्स यांनीं हल हाउस काढलें, आणि ही कल्पना अमेरिकेंत रुजली.

तेथून ती मुंबईस आली. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं भायखळ्याजवळ नागपाडा येथें नेबरहुड हाउस सुरू केलें. नागपाडा म्हणजे गिरणीकामगार, हमाल, नाना धर्मांचे व नाना भाषांचे लोक यांची दाट वस्ती. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तांनीं १९३६ सालीं समाजकार्याची पदव्युत्तर शाळा काढावयाचें ठरविलें, तेव्हां ती याच इमारतींत भरली, आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. पदवीधर विद्यार्थ्यानें वर्गांत जें ऐकावें तें जिना उतरतांच पाहावें, अशी ती जागा होती. १९४४ सालीं या शाळेस टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें.

नागपाड्याची जागा पुढें अपुरी पडली आणि १९५४ सालीं संस्था देवनारला आली. तिच्या कायम आवाराचें उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं केलें. १९५६ सालीं लोकसंख्याशास्त्राचें शिक्षण देणारें केंद्र या भागांत सुरू झालें. या केंद्रांत आशिया व प्रशांत महासागराकडील देशांचे विद्यार्थीहि येऊं लागले. १९६४ सालीं टाटा संस्थेस आणि १९८५ सालीं लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेस विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा रीतीनें, शहरानें ज्याला वेशीबाहेरचें मानलें होतें तें देवनार विद्येचें ठिकाण झालें.

वेशीबाहेरचें म्हणण्यास कारण आहे. मुंबईचा कचरा टाकण्याची जागा येथें १९२७ पासून आहे. महानगरपालिकेचा कत्तलखाना १९७१ सालीं येथेंच आला. शहरांतील झोंपड्या उठविल्या म्हणजे त्यांतील कित्येक कुटुंबें गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या बाजूला आणून सोडण्यांत आलीं. शहराला जें डोळ्यांसमोर नको होतें तें या दिशेला गेलें. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालांत शहराच्या सर्व विभागांत ज्याचा क्रमांक शेवटचा लागला तो एम-पूर्व विभाग हाच. विद्यापीठ आणि ही वस्ती यांच्यामध्यें एका कुंपणाचें अंतर होतें. टाटा संस्थेनें आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्तानें २०११ सालीं याच विभागाच्या सुधारणेचें काम हातीं घेतलें. नागपाड्यास जो शेजार जिन्याखालीं होता, त्याच्याकडे देवनारला रस्ता ओलांडून मुद्दाम जावें लागलें.

आतां बीडहून, गडचिरोलीहून किंवा थेट ईशान्य भारतांतून देवनारला आलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट पाहावी. वसतिगृहांत जागा मिळाली तर ठीक; न मिळाली तर त्याच्यापुढें दोन वाटा. एकीकडे चेंबूर : रस्ते रुंद, झाडें पुष्कळ, भाडें जबर. दुसरीकडे गोवंडी : भाडें कमी, खोली लहान, गल्ली अरुंद. त्यानें हिशेब मांडावा तो भाडें, अनामत, स्टेशनपासूनचें अंतर, पाणी आणि खाणावळ यांचा. परंतु घरमालक मांडतो तो हिशेब वेगळा. नांव काय, गांव कोणतें, जेवण कसलें, हे तीन प्रश्न वरवर साधे आहेत. त्या तिहींचा रोख पुष्कळदां एकच असतो. विद्यार्थिनीला चौथा प्रश्न विचारतात तो रात्रीं परतण्याच्या वेळेचा. बडोद्याच्या उतारशाळेच्या दारांतील काठ्या गेल्या. त्यांची जागा या नम्र प्रश्नांनीं घेतली.

पैशाचें गणितहि सोपें झालेलें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें सुरू केलेल्या स्वाधार योजनेंत, शासकीय वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यास मुंबईसारख्या शहरासाठीं वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यांत आले. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. त्यांत खोली, जेवण व इतर खर्च हीं सर्व भागवावयाचीं. २०१८ च्या फेब्रुवारींत टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांवर बहिष्कार टाकला. शिष्यवृत्तिधारक विद्यार्थ्यांना वसतिगृहाचें व भोजनालयाचें शुल्क भरावें लागणें, हें त्याचें मुख्य कारण होतें. शिकवणीविषयीं त्यांची तक्रार नव्हती. खाट आणि ताट यांच्या किमतीनें आपलें शिक्षण तुटेल, ही त्यांची भीति होती. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं ज्या गोष्टीला हात घातला, तिच्यासाठींच एकशें सतरा वर्षांनीं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर बसावें लागलें.

देवनारला या दोन्ही कथा एकत्र येतात. कोल्हापुरानें व साताऱ्यानें सांगितलें कीं, ज्याला छप्पर नाहीं त्याला शाळाहि नाहीं. व्हाइटचॅपेलनें व नागपाड्यानें सांगितलें कीं, ज्याला शेजार नाहीं त्याची विद्या अर्धी आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकीं एकाची गरज पहिली आणि दुसऱ्याची गरज दुसरी, असें पुष्कळदां असतें. कुंपणाच्या आंत पुरेशा खाटा असल्या म्हणजे पहिली भागते. कुंपणाला फाटक असलें आणि त्यांतून रोजचें जाणें-येणें असलें म्हणजे दुसरी भागते. म्हणून कोणतेंहि विद्यापीठ आपल्याकडे बांकें किती, ग्रंथ किती व प्राध्यापक किती हें जेव्हां सांगतें, तेव्हां खाटा किती आणि त्या कोणाला परवडतात, हेंहि त्याला विचारलें पाहिजे. अंतेवासी या शब्दांतली ‘जवळ राहण्याची’ अट विद्यार्थ्यावर घातलेली आहे खरी. पण जवळ राहावयास जागा देणें हें गुरुगृहाचेंच काम होतें.