रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

पहाटे दारात येणारा पिंगळा जोशी खेड्यापाड्यांना ठाऊक आहे, आणि ज्याची भाषा त्याला कळते म्हणतात तो अंगभर ठिपके असलेला पिंगळाही. त्या पक्ष्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र खानदेशाच्या सातपुड्यात राहूनही शंभराहून अधिक वर्षं बेपत्ता होता.

अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी कोणाला दिसला नाही. त्यानंतरची नोंद एकच होती, पक्ष्यांचे नमुने जमवणारे ब्रिटिश कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्याची. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, 1914.

ती चिठ्ठी खोटी होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा कातडं उसवून नव्याने भरल्याच्या खुणा सापडल्या. पक्षी मुळात डेव्हिडसनचा, खानदेशातलाच, संग्रहालयातून चोरलेला. एका माणसाच्या हावेपायी शोधणारे भलत्याच रानात भटकले, याची चीड यावी तेवढी थोडीच.

रासमुसेन यांनी मांडवी वगळली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना घेऊन त्या डेव्हिडसनच्या जुन्या जागांकडे वळल्या. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, उघड्या फांदीवर एक ठेंगणा पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. तोच तो!

मग खरं काम सुरू झालं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी 14 ठिकाणं धुंडाळली. उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेश धरून चार जागी मिळून 25 पक्षी मिळाले. तोरणमाळच्या सागवानात ढोल्यांसमोर तासन् तास बसून पक्षी काय खातो, कधी ओरडतो, पिल्लं कशी वाढतात, हे टिपलं गेलं. दिवसाढवळ्या शिकार करणारा हा पक्षी सरडे आणि उंदरांवर जगतो. नराने स्वतःचंच पिल्लू खाल्लं, हेही त्या निरीक्षणांत आलं, आणि आहे तसं 2000 साली छापलं गेलं.

2018 मध्ये पंकज कोपर्डे यांच्यासह संशोधकांनी डीएनएवरून दाखवलं की रानपिंगळा वेगळ्या प्रजातिगटातला नाही, पिंगळ्यांच्याच घरातला आहे. इश्तियाक पुढे पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळल्या. हिमालयातल्या पाखरांच्या रक्तात परजीवी कोणत्या उंचीवर सापडतात, हे तपासू लागल्या. त्या कामातही रक्ताच्या प्रत्येक नमुन्यासोबत जागा आणि तारीख लिहावी लागते.