मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा इतिहास

शाळेचा मुख्याध्यापक कोणीं नेमावा, संस्थेनें कीं सरकारनें, हा वाद आपल्या कित्येक वाचकांस केवळ कचेरींतील कागदांचा वाटतो. परंतु शाळेस वळण लागतें तें बहुतेक याच एका नेमणुकीवरून. म्हणून त्याचा वृत्तांत येथें थोडक्यांत देणें उचित आहे.

सर चार्ल्स वुड यांचा १८५४ चा खलिता हा या कथेचा आरंभ. खासगी शाळांस अनुदान देण्याचें धोरण त्यानेंच ठरविलें. अट अशी, कीं शाळेंत ऐहिक शिक्षण चांगलें मिळावें व सरकारी तपासणी मान्य असावी. धर्मशिक्षणाकडे मात्र तपासनिसानें लक्ष देऊं नये. मिशनरी शाळांस हें सोईचें झालें. तथापि जो पैसा देतो तो हिशेब मागतो, आणि हिशेबामागून हुकूमहि येतात.

१९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें कलम ३० अन्वयें धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. ‘चालविणें’ या शब्दांत काय काय येतें, हें पुढें न्यायालयांत ठरत गेलें. १९५८ सालीं केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देतांना सर्वोच्च न्यायालयानें बजाविलें, कीं कारभाराच्या अधिकारांत गैरकारभाराचा अधिकार येत नाहीं. (हें आपल्या लोकांनीं सोईस्करपणें विसरूं नये.) १९७४ सालीं अहमदाबादच्या येशूसंघीय सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यास नऊ न्यायाधीश बसले. गुजरातच्या विद्यापीठ कायद्यानें कॉलेजच्या नियामक मंडळावर व प्राचार्याच्या निवड समितीवर कुलगुरूंचा प्रतिनिधि घेणें भाग पाडलें होतें. तें बंधन अल्पसंख्याक संस्थांस लागू नाहीं, असा निर्णय बहुमतानें झाला.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यांतहि अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख व संस्थेनें कळविलेले आणखी तीनपर्यंत कर्मचारी यांची भरती वगळलेली आहे. आपल्या शाळांत धर्मगुरु वा धर्मभगिनी प्रमुखपदीं येतात, त्यांस हा आधार. परंतु अनुभवी प्रापंचिक शिक्षकास डावलून केवळ झग्यावरून माणूस निवडला, तर कायदा मोडत नाहीं हें खरें; शिक्षकांच्या खोलींत जें मौन पसरतें, तें कायद्यास दिसत नाहीं इतकेंच.

२००६ सालीं केरळमधील मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेजच्या निकालानें हा अधिकार अनुदानित संस्थांसहि असल्याचें पुन्हा सांगितलें. २०२० सालीं मात्र पश्चिम बंगालमधील अनुदानित मदरशांच्या शिक्षकांची निवड आयोगाकडे सोपविणारा कायदा त्याच न्यायालयानें ग्राह्य धरला. आपल्या शाळाचालकांनीं हे दोन्ही निकाल शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे.