मोजक्या शब्दांत चंद्र

अपोलो यानातल्या संगणकाची कायमची मेमरी 36,864 शब्दांची होती. शब्द म्हणजे इथे मोजमापाचं एकक, सोळा बिटांचं. सतत बदलणाऱ्या आकड्यांसाठी आणखी 2,048 शब्द. चंद्रावर उतरायचं सगळं गणित एवढ्यात मावायला हवं होतं.

ही मेमरी अक्षरशः विणली जाई. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला रेथिऑनच्या कारखान्यात बायका इवल्याशा चुंबकीय कड्यांमधून तार ओवत. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये बदल करायचा म्हणजे विणलेलं उसवायचं. म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्रॅम पक्का करावा लागे.

तरी जो तो आपल्या सोयी मागत राहिला, एमआयटीतले प्रोग्रॅमर त्या लिहीत राहिले आणि 1966 पर्यंत सगळं मेमरीबाहेर ओसंडू लागलं. मग नासाचे बिल टिंडल ह्यूस्टनहून आले. मे महिन्यात त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं, एकेक काम किती शब्द खातं ते विचारलं आणि ज्यावाचून अडणार नव्हतं ते छाटलं. या बैठकांना नाव पडलं ‘काळा शुक्रवार’. ज्यांची मेहनत कातरीखाली गेली त्यांना तो दिवस काळाच वाटला असणार. पण काय मावणार नाही, हे तार ओवण्याआधी सर्वांसमोर बोललं गेलं, हे टिंडल यांचं फार मोठं काम.

अशीच एक गोष्ट ऐन उड्डाणाच्या तोंडावर घडली. जुलै 1969 मध्ये सरावात संगणकाने 1201 हा इशारा दिला. अर्थ न उमगल्याने नियंत्रकांनी उतरणं रद्द केलं, आणि तो निर्णय चुकीचा ठरला. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ यांनी फर्मावलं की प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ लिहून काढा. नासाचे चोवीस वर्षांचे अभियंते जॅक गार्मन यांनी हाताने यादी केली.

20 जुलैला चंद्रावर उतरणारं यान ईगल खाली येत असताना 1202 हा इशारा झळकला. संगणकावर कामाचा भार जास्त झाला होता. बिनमहत्त्वाची कामं टाकून महत्त्वाची चालू ठेवायची, ही तरतूद प्रोग्रॅममध्ये आधीच होती. इशारा सारखा सारखा येत नसेल तर पुढे जायला हरकत नाही, हे गार्मन यांना ठाऊक होतं. त्यांनी ते मार्गदर्शन नियंत्रक स्टीव्ह बेल्सना सांगितलं, बेल्सनी ‘गो’ म्हटलं आणि काही मिनिटांत आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले.