पडदा मोठा, प्रेक्षक थोडे

घरातील एका खोलीत मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच बसवावा, असे आम्ही ठरवले आणि चिंचवडमधील एका दुकानात गेलो. विक्रेत्याचा पहिला प्रश्न होता, भिंतीपासून सोफा किती फुटांवर आहे? बघणारे किती, हे त्याने विचारले नाही. आम्हालाही ते सांगावेसे वाटले नाही. परतताना मात्र जाणवले, की या न विचारलेल्या प्रश्नामागे आपल्या नगरीचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

पिंपरी-चिंचवड आणि दूरचित्रवाणी ही जवळजवळ बरोबरीने वाढलेली भावंडे आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे बजाज ऑटो, टेल्को आले आणि त्यांच्यामागून गावोगावचे कामगार आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये कामगारांना घरे मिळावीत या हेतूने नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम या परिसरात दिसू लागले.

तेव्हाचा संच म्हणजे लाकडी पेटी, तिला सरकती दारे आणि आत सुमारे २० इंचांचा कृष्णधवल पडदा. त्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. आळीत एखाद्याच घरी संच असे आणि ते घर शनिवारच्या मराठी चित्रपटापुरते सगळ्यांचे होई. मुले पुढे जमिनीवर, वडीलधारी माणसे मागे खुर्च्यांवर, उरलेले दारात. चित्र ६२५ रेषांचे. फार जवळ गेल्यास रेषाच दिसत. म्हणून पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट, म्हणजे सहा फूट अंतर राखणे बरे असे. त्या सहा फुटांत अर्धी आळी मावत असे.

१९८२ हे दुसरे वळण. त्या वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. परंतु हळूहळू घरोघरी संच आले, नव्वदीत केबल आली आणि शेजाऱ्याच्या दारात चप्पल काढण्याचे कारण उरले नाही.

आता आमच्या खरेदीचे गणित पाहा. ५५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ जुन्या २० इंची पडद्याच्या पावणेसात पट भरते. चित्रात उभ्या दिशेने २१६० ठिपके असल्याने जवळून पाहिले तरी ते फाटत नाही. पडद्याच्या कर्णाच्या दीडपट, म्हणजे सुमारे सात फूट अंतर सोयीचे मानतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा पडदा मध्यमवर्गाच्या आणखी आवाक्यात आला. म्हणजे अंतर पूर्वी सहा फूट होते, आज सात आहे. फरक इतकाच, की मधल्या जागेत आता कोणी बसत नाही.

भारतीय काव्यशास्त्रात नाट्याच्या प्रेक्षकाला ‘सामाजिक’ अशी संज्ञा आहे. रसास्वाद प्रत्येकाच्या मनात होत असला, तरी तो सभेत बसून घ्यायचा, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. वर्गात आम्ही ही संज्ञा दरवर्षी शिकवतो आणि घरी मात्र सभा वगळून रंगमंच विकत घेतो. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारी मुले एकेका भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण राहतात आणि रात्री प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवर वेगळे काही पाहतो. आमच्या भिंतीएवढ्या पडद्यात आणि त्यांच्या तळहाताएवढ्या पडद्यात पैशांचे अंतर मोठे आहे. एकटेपण मात्र सारखेच आहे.

हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही. पूर्वीची गर्दी काही अंशी टंचाईतून आलेली होती, आणि यजमान गृहिणीला तिचा जाचही होई, हे विसरून स्मरणरंजन करण्यात अर्थ नाही. तरीही टंचाई संपताना तिच्यासोबत आणखी काय गेले, याची नोंद इतिहासाने ठेवावी.

आम्ही ५५ इंची संच घेतला. विक्रेत्याने सुचवलेल्या दोन आरामखुर्च्या मात्र घेतल्या नाहीत. त्या सात फुटांत सतरंजी अंथरली आहे आणि शनिवारी शेजारच्यांना बोलावले आहे.