तीस हजार फेऱ्यांची भीती

देव्हाऱ्याच्या कमानीवर नक्षी कोरायला यंत्र हवं म्हणून पिंपळे गुरवात चौकशी केली, तर सल्ला बहुधा एकच मिळतो. चार इंची ग्रायंडर घ्या आणि त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं चढवा. पेनासारखं रोटरी टूल मिनिटाला तीस हजार फेरे घेतं, ग्रायंडर अकरा हजारच; म्हणजे ग्रायंडर सुरक्षित.

हा समज चुकीचा आहे. तो खोडायचं सूत्र भोसरीत लेथवर उभे राहणारे अनेक कामगार आयटीआयमध्ये शिकलेले असतात: धारेचा वेग म्हणजे पाय (π) गुणिले व्यास गुणिले फेरे, भागिले हजार. हेच सूत्र घरच्या यंत्राला लावा. रोटरी टूलचा तीन मिलिमीटरचा बर, म्हणजे कोरायचं टोक, तीस हजार फेऱ्यांनी फिरला, तर त्याची धार सेकंदाला ४.७ मीटर धावते, म्हणजे ताशी १७ किलोमीटर. शंभर मिलिमीटरचं पातं अकरा हजारांनी फिरलं, तर त्याचा दात सेकंदाला ५७ मीटरहून जास्त, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. बोटाला फेऱ्या लागत नाहीत, धार लागते. आणि ती ग्रायंडरवर बारा पटींनी वेगवान आहे.

वेगाहूनही वाईट आहे तो दात. धातू घासणारी चकती कणाकणाने झिजवते. दातेरी पातं लाकडात रुततं. सागाच्या गाठीत किंवा आडव्या रेषेत एक दात अडकला, की सगळी ताकद उलटी यंत्रावर येते आणि ग्रायंडर हातातून उसळतो. कोरताना आड येतो म्हणून गार्ड आधीच काढलेला असतो. शिवाय बटण बंद केल्यावरही जड पातं काही काळ फिरतच राहतं. यंत्र खाली ठेवताना होणाऱ्या जखमा या उरलेल्या फेऱ्यांच्या असतात.

मग लहान यंत्र निर्धोक का? नाही, आणि इथे मी फेऱ्यांना घाबरणाऱ्यांची बाजू थोडी मान्य करतो. दहा मिलिमीटरचं मुंडकं तीस हजारांवर नेलं, तर तीच धार ताशी ५६ किलोमीटरवर जाते. लांब, बारीक दांडी त्या वेगात वाकून सुटू शकते. म्हणून मुंडकं मोठं तशा फेऱ्या कमी, आणि बरच्या पाकिटावर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. खरेदीत फसगत दांडीच्या मापात होते: बाजारात २.३५, ३ आणि ३.२ मिलिमीटरच्या दांड्या शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. तीनची दांडी ३.२ च्या कोलेटमध्ये, म्हणजे दांडी पकडणाऱ्या चिमट्यात, घट्ट बसल्यासारखी वाटते आणि चालू यंत्रात सुटते. कोलेट आणि दांडी एकाच मापाची घ्यावी, फेऱ्या कमी-जास्त करता येणारं यंत्र घ्यावं.

मला विचाराल, तर सोनारांची टांगती मोटर घ्या: लवचीक शाफ्ट, हातात हलका हँडपीस आणि पायात पेडल. पाय उचलला की वीज तुटते, बटण शोधावं लागत नाही. लाकूड मात्र व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने पक्कं धरावं, मांडीवर कधीही नाही. सुती हातमोजे घालू नयेत. धागा अडकला की बोट ओढलं जातं. डोळ्यांवर गॉगल हवाच. बारीक धुळीसाठी चांगला मास्कही हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. फ्लॅटच्या बंद गॅलरीत कोरणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेवटचा आक्षेप कामाच्या गतीचा असतो: एवढा साग एवढ्याशा बरने कधी उकरणार? तो उकरायचाच नाही. आधी करवतीने आकार कापायचा, पटाशीने जाड लाकूड काढायचं, मग बर पानांच्या कडांना आणि खोल कोपऱ्यांना. पुण्यातला विश्रामबाग वाडा १८०७ च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या दर्शनी भागावरची केळफुलं आणि सुरूचे खांब जाऊन पाहा. तिथे फिरणारं पातं लागलेलं नाही.