भातवडीचा तलाव आणि वीस सेकंद

वेरूळला येणारे बहुतेक लोक कैलास लेणे पाहून परततात. चार-पाच किलोमीटरवर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, तिथे फार थोडे थांबतात. खरे तर वेरूळच्या भोसल्यांचा आणि या हबशी वजिराचा इतिहास वेगळा काढताच येत नाही. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत हे दोघे भाऊ अंबरच्या बाजूने लढले.

समोर मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा होत्या. अंबरने भातवडीचा तलाव फोडला, शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि रसद तोडली. उपासमारीने बेजार झालेले सैनिक छावणी सोडू लागले, तेव्हा त्याने घाव घातला. विजय मिळाला, पण शरीफजी रणात पडले. पाणी सोडण्याचा हुकूम कोणाचा, हे मात्र चारशे वर्षांनंतरही आपण नाव घेऊन सांगतो.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता लक्ष्य सुचवते. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायली पत्रकारांनी गाझातील 'लॅव्हेंडर' यंत्रणेबद्दल लिहिले. यंत्राने दिलेल्या नावावर अधिकारी कधी कधी जेमतेम वीस सेकंद घालवत, असे त्यांना सूत्रांनी सांगितले. यंत्र फक्त माहिती जुळवते, निर्णय माणूसच घेतो, असे तिथल्या लष्कराचे म्हणणे. पण वीस सेकंदांत होतो तो निर्णय की नुसता शिक्का?

उलट उदाहरणही आहे. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला. स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याला शंका आली. अमेरिका हल्ला करेल तर पाचच क्षेपणास्त्रांनी कशाला? त्याने इशारा खोटा ठरवला, आणि तो खोटाच होता.

यंत्राची मदत घेऊ नये, असे मी म्हणत नाही. वाटा आणि पाणवठे नेमके सांगणारे साधन अंबरनेही आनंदाने वापरले असते. प्रश्न जबाबदारीचा आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी सैन्य रवाना करताना स्त्रिया, मुले आणि वृद्धांना मारू नका, अशी ताकीद दिली होती. ताकीद त्यालाच देता येते, ज्याला पुढे हिशेब द्यायचा आहे. आखिरतवर ईमान असणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. यंत्राला ना कबर, ना हिशेब. म्हणून शेवटचा हुकूम माणसाचाच हवा, आणि त्याखाली त्याचे नावही हवे.