घाटांतील तेरा मैल



ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील पुष्कळ घरांतून आज तरुण मंडळी संगणकाच्या कामास जातात. त्यांच्या कचेऱ्यांतून ‘बर्नडाउन चार्ट’ नांवाचा आलेख मांडतात. नांव नवें, पण वस्तु सोपी आहे. चौकटीच्या कागदावर आडवे दिवस लिहावे आणि उभें उरलेलें काम. पहिल्या दिवसाच्या संपूर्ण कामापासून मुदतीच्या दिवशींच्या शून्यापर्यंत सरळ रेषा ओढावी, ती योजना. मग प्रत्यक्षांत जें काम उरलें असेल त्याचे ठिपके जोडीत जावें, ती वस्तुस्थिति. ही दुसरी रेषा पहिलीच्या वर राहिली, तर काम मागें पडलें असें समजावें.

हा आलेख आपल्याच लोहमार्गाच्या इतिहासास लावून पाहूं. मुंबई ते पुणें हें अंतर सुमारें ११९ मैल. १६ एप्रिल १८५३ रोजीं गाडी ठाण्यास पोंचली. उरले ९८ मैल. १ मे १८५४ रोजीं खाडी ओलांडून ती कल्याणास आली. उरले सुमारें ८६. मे १८५६ मध्यें पळसदरीवरून खोपोलीपर्यंत मार्ग खुला झाला. पळसदरीपुढें पुण्यापर्यंत सुमारें ५५ मैल उरले. जून १८५८ मध्यें घाटाच्या पलीकडे पुणें ते खंडाळा हा तुकडा सुरू झाला, आणि मधले अवघे तेरा मैल राहिले.

आतां मागचा वेग धरून पुढची रेषा ओढूं. पांच वर्षें दोन महिन्यांत ८५ मैल, म्हणजे वर्षास सुमारें १६. या हिशेबानें उरलेले तेरा मैल १८५९ च्या वसंतांत संपावयास हवे होते. प्रत्यक्षांत बोरघाटाचा मार्ग खुला झाला तो एप्रिल १८६३ मध्यें! जवळजवळ पांच वर्षें आपली रेषा तेराच्या आंकड्यावर आडवी पडून राहते. तोंवर उतारू डोली, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साह्यानें घाट ओलांडीत होते.

मग त्या काळांत कांहींच घडलें नाहीं काय? घाटाचें काम तर १८५६ पासून चालूं होतें. अठराशें फुटांहून अधिक चढण होती आणि कातळांतून पंचवीस बोगदे पाडावयाचे होते. १८५९ च्या आरंभीं मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला. त्याच वर्षीं फॅव्हिएल या कंत्राटदारानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. १८६१ मध्यें तेथें चाळीस हजारांवर माणसें खपत होतीं. पटकी आणि तापानें हजारों दगावलीं. यांतील एकहि गोष्ट आपल्या आलेखांत उमटत नाहीं.

हा दोष आलेखाचा नव्हे, मापाचा आहे. आपण माळावरचा मैल आणि घाटांतला मैल एकाच तागडींत घातला. बोगदे आणि पूल मोजले असते, तर रेषा हळूहळू उतरतांना दिसली असती आणि अडचण कोठें आहे हेंहि वेळींच कळलें असतें. मेलेल्या मजुराचा हिशेब मात्र कोणत्याच रेषेंत बसत नाहीं. तो कागदाच्या बाजूस वेगळाच लिहावा लागतो.

ही गोष्ट केवळ जुन्या काळची नव्हे. ठाणें ते दिवा ही पांचवी-सहावी मार्गिका दहा किलोमीटरांच्याहि आंतली. तिच्या योजनेस २००८ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि ती पुरी झाली फेब्रुवारी २०२२ मध्यें. अंतर थोडें, पण वाटेंत गाड्यांसाठीं उड्डाणपूल, तीन मोठे पूल आणि एकवीस लहान पूल. आणि शेजारीं रोजची वाहतूक अखंड चाललेली.

म्हणून कोणी ‘काम नव्वद टक्के झालें’ असा आलेख पुढें ठेवला, तर रेषेचा उतार पाहण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: हे टक्के कशाचे? आणि राहिलेल्या दहांत घाट आहे कीं माळ?